तायडे मॅडम फोन लावून पाहतात

"नमस्कार. तुमचं दुकान खरंच हाय काय?"

ऐन गिऱ्हाइकीच्या वेळी एका अनोळखी बाईनं फोन करून असं विचारलं तर दुकानदार काय करील? काहीजण फोन आपटतात. काहीजण दबकत विचारतात, "कोन बोलून राहिलं? नगरपालिकेतून काय?" चांदूर बाजारच्या एका फुलवाल्यानं तर फोन गल्ल्यावर ठेवला, बाहेर जाऊन स्वतःच्या पाटीकडे पाहिलं आणि परत येऊन सांगितलं, "हो बाई, हाय."

"बरं. सकाळी नऊले उघडते ना?"

"नऊले कोन उघडते? दहा वाजतात."

"मंग दहा लिहा लागते."

फोन ठेवून तायडे मॅडमनी चष्मा कपाळावर चढवला आणि समोरच्या रूपालीला म्हणाल्या, "पाय बाप्पा! मशीन हिरवी होऊन बसली, अन् फुलवाल्याची अजून आंघोळ नाई झाली."

अमरावतीला राजापेठेत माझं वेबसाईट बनवण्याचं लहानसं ऑफिस आहे. मी, आमची प्रोग्रामर रूपाली आणि तायडे मॅडम, एवढीच माणसं. दुकानं, दवाखाने, कृषी केंद्रं, कुणालाही आम्ही वेबसाईट बनवून देतो आणि ती नेटवर शोधणाऱ्याला चटकन सापडावी म्हणून खटपट करतो. त्या खटपटीत एक भाग असतो तो बाहेरच्या माणसाला कधी दिसत नाही. प्रत्येक पानाच्या मागे सर्च इंजिनसाठी एक चिठ्ठी लिहावी लागते. हे दुकान आहे, याचं नाव हे, पत्ता हा, फोन हा, उघडण्याची वेळ ही. माणूस पाटी बघून ओळखतो, मशीनला सगळं वेगळं समजावून सांगावं लागतं. आमच्या धंद्यात या चिठ्ठीला स्ट्रक्चर्ड डेटा म्हणतात. चिठ्ठी नीट लिहिली आहे का, हे तपासून देणारी सोयही नेटवर आहे. पानाचा पत्ता टाकला की ती निकाल सांगते. लाल आलं तर चूक, पिवळं आलं तर काहीतरी राहिलं, हिरवं आलं तर पास. हिरवं आलं की जगभरची माणसं चहा प्यायला उठत असतील. आमच्या मॅडम तेव्हा फोन उचलतात.

त्यांचं म्हणणं साधं आहे. "चूक मशीन पकडते. खोटं आपल्याले पकडा लागते."

मॅडम आमच्याकडे नोकरी मागायला आल्या नव्हत्या, भांडायला आल्या होत्या. आम्ही एका डोळ्याच्या डॉक्टरांची वेबसाईट बनवली होती. रविवारी दवाखाना चालू, असं नेटवर दिसत होतं. मॅडम रविवारी भर उन्हात गेल्या आणि बंद शटरसमोर दीड तास बसून आल्या. सोमवारी सकाळी आमचा जिना चढून आल्या. गुलाबी काठाची पांढरी सुती साडी, खांद्याला पर्स, हातात दुमडलेली छत्री. वय साठीच्या पुढचं, पण पाठ सरळ.

"ह्या डॉक्टरचं पान कोनं बनवलं?"

मला वाटलं, नवीन गिऱ्हाईक. मी अभिमानानं म्हणालो, "आम्हीच, मॅडम."

"मंग दवाखान्यात रविवारी कोन बसते? तुमी?"

मी खुर्ची दिली, पाणी दिलं, रूपालीनं घाईघाईनं पान उघडलं. चूक आमचीच निघाली. दुसऱ्या एका दवाखान्याची चिठ्ठी उचलून तिनं नाव-पत्ता बदलला होता, वार बदलायचे राहिले होते. रूपाली म्हणाली, "पण मॅडम, टेस्टमध्ये सगळं हिरवं होतं."

मॅडमनी तिच्या स्क्रीनवर वाकून पाहिलं. एकदम सगळं समजावून घेतलं. चिठ्ठी कुठे असते, लाल म्हणजे काय, पिवळं म्हणजे काय. अर्धा तास प्रश्न विचारले आणि शेवटी म्हणाल्या, "म्हंजे अक्षर चांगलं आलं का हे मशीन पास करते. उत्तर बराबर आलं का हे पायतच नाई!"

एवढी वर्षं धंदा करूनही मला हे एका वाक्यात सांगता आलं नव्हतं. मी त्यांना दुसऱ्या दिवसापासून या म्हटलं. त्यांनी विचारलं, "काहून?" मी म्हटलं, "हेच करायला." त्या आल्या, ते आजपर्यंत सकाळी पावणेदहाला येताहेत.

मॅडम टेलिफोन खात्यात होत्या. आधी अकोल्याला, मग अमरावतीला, आणि बहुतेक सगळी नोकरी चौकशीच्या टेबलावर. लोक फोन करून विचारायचे, अमक्या डॉक्टरचा नंबर द्या, तमक्या लाकडाच्या वखारीचा द्या, आणि मॅडम जाडजूड डिरेक्टरीतून काढून सांगायच्या. त्या नोकरीची सवय अंगात इतकी मुरली आहे की समोर उभ्या असलेल्या माणसालाही त्या "लाईनवर राहा" म्हणतात. चहावाला कप ठेवून निघाला की म्हणतात, "लाईनवर राहा, साखर पायतो." आकडे दोन-दोनच्या जोडीनं सांगतात आणि समोरच्याकडून परत म्हणवून घेतात. मी एकदा घाईत "हो हो, लिहिलं" म्हटलं तर त्यांनी मला स्वतःच्याच ऑफिसचा नंबर तीनदा म्हणायला लावला.

चिठ्ठीतला कोडही त्या त्याच आवाजात मोठ्यानं वाचतात. "महिरपी कंस उघडा. नाव. दोन टिंबं. अवतरण उघडं. सातपुडा कृषी केंद्र. अवतरण बंद. स्वल्पविराम." सुरुवातीला रूपालीला हसू यायचं. मग एका दुपारी एक चिठ्ठी काही केल्या पास होईना. रूपालीनं सगळं उलटंपालटं केलं, मी केलं, लाल ते लालच. मॅडमनी वाचायला घेतलं आणि चौथ्या ओळीवर थांबल्या. "हे अवतरण वाकडं हाय. बाकीचे सरळ हायेत." कुणीतरी मोबाईलवरच्या मेसेजमधून नाव उचलून चिकटवलं होतं, त्याबरोबर वळणदार अवतरणचिन्ह आलं होतं. ते सरळ केलं, चिठ्ठी हिरवी झाली. तेव्हापासून रूपाली स्वतःही कोड पुटपुटत वाचते.

त्याच सातपुडा कृषी केंद्राची दुसरी गोष्ट. दुकान दर्यापूरचं, मालक बोचरे. चिठ्ठीत अक्षांश आणि रेखांश असे दोन आकडे द्यावे लागतात, त्यावरून नकाशात जागा दिसते. आमच्याकडून ते उलटे पडले. दोन्ही आकडे दिसायला ठीक, त्यामुळे मशीन हिरवी. मॅडमनी मात्र ते नकाशात टाकून पाहिले. मग मला हाक मारली.

"साहेब, बोचरे भाऊचं दुकान उत्तर ध्रुवाजवळ समुद्रात हाय."

मी पाहिलं. खरंच निळं पाणी होतं, वर पांढरा बर्फ.

"आता तठी सोयाबीनचं बियाणं घ्याले कोन येईन? अस्वल?"

आकडे अदलाबदल करून भागलं असतं. मॅडमचं भागलं नाही. शनिवारी त्या एसटीनं दर्यापूरला गेल्या, दुकानाच्या दारात उभं राहून मोबाईलवर जागा घेतली, बोचऱ्यांना त्यांचं दुकान समुद्रात होतं हे सविस्तर सांगितलं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आल्या. मी म्हटलं, "फोनवर विचारलं असतं तरी चाललं असतं." त्या म्हणाल्या, "फोनवर त्यानं पत्ता सांगतला होता, बस स्टँडसमोर. स्टँडसमोर नाई, मागच्या गल्लीत हाय. शेतकरी बाई पोतं घेऊन समोर उभी रायली तर?"

हे असं सगळं वाचून मॅडमचं ऑफिसात फार कौतुक होत असेल असं वाटेल. नेहमी होत नसे. खरं सांगायचं तर एकदा मी त्यांच्या पाठीमागे वाईट वागलो.

अकोल्याचे एक कुलरवाले आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होते. अकोल्याचा मे महिना ज्यानं काढला आहे त्याला कुलरचं महत्त्व सांगायला नको. माझं बालपण तिथलंच. शेट नेटवरून कुलर विकायचे. त्यांच्या पानामागच्या चिठ्ठीत प्रत्येक कुलरसमोर "स्टॉकमध्ये आहे" असं लिहिलेलं होतं. मॅडमनी मेच्या दुसऱ्या आठवड्यात गिऱ्हाईक बनून फोन लावला.

"मोठा कुलर हाय काय?"

"पंधरा दिवसांनी भेटन, ताई."

मॅडमनी त्याच क्षणी चिठ्ठी बदलून "संपला" करून टाकलं. संध्याकाळी शेटचा फोन आला. ते इतके ओरडत होते की स्पीकर चालू न करताही रूपालीला ऐकू आलं. "माह्याच पानावर माहाच माल संपला म्हनून सांगून राहिले तुमी?"

मॅडमनी फोन माझ्या हातून घेतला. "शेटजी, तुमच्याच दुकानातून सांगतलं."

ते कसंबसं निभावलं. पुढच्या हंगामात शेटनी वेगळाच हट्ट धरला. नेटवर शोधलं की त्यांच्या कुलरखाली पिवळे तारे दिसले पाहिजेत, पाचपैकी जवळजवळ पाच, आणि खाली चार हजार लोकांचं मत. पानावर एकाही माणसाचं मत नव्हतं. शेट म्हणाले, "मागं चिठ्ठीत टाकून द्या ना. कोनाले दिसते?"

मॅडम म्हणाल्या, "जे पानावर नाई, ते मागं लिहाचं नाई."

"मॅडम, मशीन पास करते ना?"

"मशीन पास करन. म्या नाई करनार."

शेट माझ्याकडे वळले. मला पोट आहे, ऑफिसचं भाडं आहे, हे मी स्वतःला समजावलं. मॅडम दोन दिवस अकोल्याला कुणाच्या तरी लग्नाला गेल्या होत्या, त्या दोन दिवसांत मी स्वतः बसून ते चार हजार लोक चिठ्ठीत घातले. तपासलं. हिरवं आलं. आठवड्यात तारे झळकू लागले. शेटनी पेढे पाठवले. मॅडमनी पेढा खाल्ला नाही, पानाची चिठ्ठी उघडली, वाचली आणि बंद केली. नेहमी "साहेब, घरी निघते" म्हणत, त्या दिवशी नुसत्याच निघाल्या.

दोनेक महिन्यांत सर्च इंजिनकडून नोटीस आली. चिठ्ठीत लिहिलेलं पानावर सापडत नाही, सबब या वेबसाईटचे तारे, किमती, सगळं दाखवणं बंद. भर उन्हाळ्यात शेटचा कुलर नेटवर नुसता एक उघडाबोडका दुवा होऊन राहिला. शेटनी आम्हाला काय काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही. काम काढून घेतो म्हणाले.

मी मॅडमसमोर जाऊन बसलो. म्हटलं, "माझं चुकलं."

"चुकलं नाई साहेब," त्या म्हणाल्या, "खोटं लिहिलं. चुकनं येगळं असते." आणि ड्रॉवरमधून कोरे कागद काढले. "शेटले म्हना, कुलर घेतलेल्या लोकाईचे नंबर द्या."

पुढचे तीन आठवडे त्या रोज दुपारी अकोल्यातल्या घरांना फोन लावत होत्या. कुलर कसा हाय? आवाज करते काय? लोक खरंखरं सांगायचे. हवा मस्त, पण पंपाची कटकट. जाळी लवकर गंजते. पाच वर्षं झाली, काई झालं नाई. ज्यांनी परवानगी दिली त्यांची मतं रूपालीनं नावानिशी पानावर घातली, चांगली-वाईट सगळी, आणि तेवढीच चिठ्ठीत. चार हजारांचे एकशेबारा झाले, आणि तारे चारच्या जरासे खाली उतरले. शेट धुसफुसले, पण पंप पुरवणारा बदलला. मग आम्ही पुन्हा तपासणीची विनंती पाठवली, ती मान्य झाली. शेट अजून आमच्याकडे आहेत. मॅडमचं नाव निघालं की "त्या बाई" म्हणतात, पण खुर्चीत सावरून बसतात.

एवढ्या सहवासात मॅडमबद्दल मला काय माहीत होतं? बडनेरा रोडवरच्या एका कॉलनीत राहतात. लग्न केलं नाही. आई बरीच वर्षं अंथरुणाला होती, ती गेली. बुद्धपौर्णिमेला ऑफिसात खीर आणतात. बस.

यंदा एका बुधवारी त्या म्हणाल्या, "चार दिवस सुट्टी पायजे, घरचं काम हाय." सोमवारी येते म्हणाल्या. सोमवारी आल्या नाहीत. फोन बंद.

अकराच्या सुमारास ऑफिसचा फोन वाजला. दर्यापूरचे बोचरे. "मॅडम बऱ्या हायेत ना?" मी म्हटलं, "का हो?" "पयल्या सोमवारी साडेदहाले त्याईचा फोन येते. वेळ बदलली काय, नंबर तोच काय, इचारतात. आज नाई आला."

मी म्हटलं, रजेवर आहेत. फोन ठेवतो तोच सेमाडोहहून सुनंदाताईंचा. त्या पर्यटकांना घरात उतरवून घेतात, त्यांचं पान आम्हीच केलेलं. "मॅडमनं फोन नाई केला. माह्या पोरीचा बारावीचा निकाल त्याईलेच पयले सांगतला होता. आता तिचं नर्सिंगले लागलं, ते सांगाचं होतं." मग चांदूर बाजारच्या प्रसूतिगृहातली सिस्टर. मग फुलवाला. दुपारपर्यंत चौदा फोन झाले. कुणाला मॅडमनी गुडघ्याचं तेल सुचवलं होतं, कुणाच्या भांडून गेलेल्या भावाची दर वेळी चौकशी करायच्या. आमच्या समोर बसून ही बाई महिन्यातून एकदा अर्ध्या वऱ्हाडाची खुशाली विचारत होती, आणि आम्हाला वाटत होतं की ती दुकानाची वेळ तपासते आहे.

मी त्यांच्या घरी गेलो. कुलूप. शेजारची बाई म्हणाली, "गुरवारीच ऑटोनं गेल्या. पोट धरून चालून राहिल्या होत्या. कुठी ते नाई सांगतलं."

मी ऑफिसला फोन केला. रूपालीनं मॅडमनी तपासून ठेवलेल्या नंबरांची यादी उघडली, शहरातले सगळे दवाखाने, आणि एकेक नंबर लावत सुटली. नंतर ती मला म्हणाली, "सर, एकही नंबर चुकीचा निघाला नाही." पाचवा दवाखाना. तिकडची मुलगी म्हणाली, "तायडे ना? आहेत. कालच आम्हाला सांगून राहिल्या होत्या की आमच्या पानावर भेटायची वेळ चुकली आहे."

मी तडक तिथं गेलो. पित्ताशयात खडे होते. ऑपरेशन शुक्रवारीच व्हायचं, पण अडलं होतं. दवाखान्याच्या अर्जात जवळच्या नातेवाइकाचं नाव आणि सही लागत होती, आणि मॅडमनी त्या जागी सरळ रेघ मारून दिली होती. काउंटरवरची मुलगी वैतागली होती. "आम्ही म्हटलं, शेजारचं कुणी लिहा. तर म्हणतात, त्याले इचारल्याशिवाय त्याचं नाव कसं लिहू? कुणालाही सांगायला तयार नाहीत."

मॅडम खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. दवाखान्याच्या हिरव्या कपड्यात फारच लहान दिसत होत्या. मला पाहून आधी पदर सावरायला हात गेला, पदर नव्हता.

"काहून आले साहेब? ऑफिसात कोन हाय?"

मी म्हटलं, "बोचऱ्यांचा फोन आला होता. सेमाडोहच्या सुनंदाताईंचा. पोरीचं नर्सिंगला लागलं. आणखी बारा जणांचा."

त्यांनी मान वळवली. "कामासाठीच करते म्या फोन. वेळा बदलत राहतात लोकाईच्या."

मी स्टूल ओढून खाटेजवळ बसलो. तेव्हा त्याच म्हणाल्या, "चौकशीवर होती तवा दिवसभर लोक बोलत. पन नंबर देल्ला का लाईन कट. डॉक्टर भेटला का नाई, मानूस वाचला का नाई, काई समजे नाई. मंग रिटायर झाली, अन् आई गेली, त फोन वाजनंच बंद झालं. आता म्या लावते त कोनी तरी उचलते. अन् पुढच्या महिन्यात थोच मानूस, पुढची गोष्ट सांगते." त्यांनी चादर सारखी केली. "ऑफिसचं बिल येत असन जास्त."

"नाही येत," मी म्हटलं.

मी काउंटरवरून अर्ज आणला. रेघेच्या वर माझं नाव लिहिलं, फोन लिहिला. पुढे नातं असा रकाना होता. तिथं 'भाऊ' लिहिलं, सही केली आणि अर्ज मॅडमच्या हातात दिला. खोटं आहे म्हणून त्या ते खोडतील, याची तयारी मी मनात करून ठेवली होती.

त्यांनी चष्मा मागितला. अर्ज डोळ्यांजवळ धरला. नाव वाचलं. नातं वाचलं आणि तिथंच बराच वेळ नजर ठेवली. मग पेन घेतलं. मी खिडकीकडे पाहू लागलो.

"तुमचा सात एकासारखा दिसते," त्या म्हणाल्या. "फोन लावनारीले लागनार नाई." आणि माझ्या नंबरातला तो आकडा नीट गिरवून, ठळक केला.

तेवढ्यात सिस्टर आत आली. "मॅडम, नातेवाईक आले काय?"

"हो," मॅडमनी अर्ज तिच्यापुढे धरला. "भाऊ आला. घ्या."